शिकागो २०२३ : पहिल्या फेरीत पहिला आलेला माणूस हरला कसा

२६ फेब्रुवारी २०२३ ला कसब्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं आणि बरोबर दोन दिवसांनी, २८ ला, शिकागोत महापौरपदाच्या पहिल्या फेरीचं. आमचं सगळ्यांचं लक्ष तेव्हा २ मार्चच्या मोजणीकडे लागलेलं, शिकागो कुणाच्या गावीही नव्हतं. मी शनिवार पेठेत एका खोलीत महिन्यातून एकदा तरुण कार्यकर्त्यांची बैठक घेतो, सगळ्या पक्षांची पोरंपोरी येतात, आणि नियम एकच आहे की आपल्या पक्षाचं भाषण करायचं नाही, एक निवडणूक घ्यायची आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सोलून बघायची. हे शिकागोचं प्रकरण आम्ही तीन बैठका चालवलं. दुसरी कुठलीच निवडणूक इतकी पुरली नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी नियम सांगतो, कारण नियम कळला नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शिकागोत महापौर थेट लोक निवडतात, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, आणि निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरच जिंकला. नाही मिळाली तर पहिले दोघं उरतात आणि साधारण पाच आठवड्यांनी त्या दोघांतच परत मतदान, त्याला तिकडे रनऑफ म्हणतात. हे पूर्वी असं नव्हतं. १९८३ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत जेन बर्न आणि रिचर्ड डेली यांच्यात गोरी मतं फुटली आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर पुढे निघाले, मग शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. तिरंगी लढतीत काय होतं ते त्या शहराने तेव्हा नीट बघितलं. हा दोन फेऱ्यांचा कायदा १९९५ चा, १९९९ पासून लागू, पण दुसरी फेरी घ्यायची वेळ पहिल्यांदा आली ती २०१५ ला.

आपल्याकडे पुण्यात महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, त्यामुळे मतदाराच्या हातात महापौराच्या नावाची मतपत्रिका कधी येतच नाही. नगरपालिकांमध्ये नगराध्यक्ष थेट असतो, पण तिथेही सगळ्यात जास्त मतं ज्याला तो जिंकला, निम्म्याची अट नाही. मग ही रनऑफ आपल्या पोरांना समजावायची कशी? पुणे पदवीधर मतदारसंघावरून. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे, आणि तिथे आपण १, २, ३ अशी पसंती लिहितो. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी ठरावीक मतं, कुणालाच पूर्ण झाला नाही तर खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघतात. रनऑफ म्हणजे तेच, फक्त मतपत्रिका पुन्हा वाचण्याऐवजी माणसालाच पाच आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. आणि एकदा माणसाला परत बोलवायचं म्हटलं की तो येईलच असं नाही, आला तरी मधल्या पाच आठवड्यांत काय काय ऐकून येईल तेही सांगता येत नाही, सगळा प्रचार त्या पाच आठवड्यांचा असतो.

आता २८ फेब्रुवारीच्या रात्रीची परिस्थिती. नऊ उमेदवार होते. पॉल व्हॅलस ३२.९ टक्के, ब्रँडन जॉन्सन २१.६, विद्यमान महापौर लोरी लाइटफूट १६.८, चुई गार्सिया १३.७, विली विल्सन ९.१, बाकी चौघं किरकोळ. मतांत बोलायचं तर व्हॅलस साधारण १ लाख ८६ हजार, जॉन्सन १ लाख २२ हजार. लाइटफूट बाहेर. निवडून आलेला महापौर पुन्हा उभा राहून हरला असं तिथे ४० वर्षांत झालं नव्हतं.

व्हॅलस हे १९९५ ते २००१ शिकागोच्या सरकारी शाळांचे सीईओ, नंतर फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स इथल्या शाळा चालवलेला माणूस. नऊ जणांत एकटेच गोरे. मुद्दा एकच, गुन्हेगारी आणि पोलीस, आणि पोलीस युनियनचा पाठिंबा. जॉन्सन आधी शिक्षक, मग शिक्षक युनियनचे संघटक, मग कुक काउंटीचे कमिशनर, सुरुवातीच्या सर्व्हेत खूप खाली होते. म्हणजे एकीकडे पोलीस युनियन आणि दुसरीकडे शिक्षक युनियन, शहराने मधले सगळे बाजूला काढून दोन टोकं समोरासमोर उभी केली.

पहिल्या बैठकीत मी एवढंच फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, तुम्हाला कुणाचा प्रचार घ्यायला आवडेल? जवळजवळ सगळ्यांनी व्हॅलस सांगितलं. गणितही सोपं दिसतं ना! बाद झालेल्यांची मिळून साडेपंचेचाळीस टक्के मतं शिल्लक. व्हॅलसना पन्नासला पोचायला त्यातली शंभरातली ३८ पुरेत, जॉन्सनना ६२ लागणार. अकरा टक्क्यांचं लीड, पैसा जास्त, गुन्हेगारी हा शहरातला सगळ्यात मोठा प्रश्न. कोण सोडेल असा उमेदवार?

४ एप्रिलला निकाल लागला. जॉन्सन ५२.२, व्हॅलस ४७.८. मतांमध्ये साधारण ३ लाख १९ हजार विरुद्ध २ लाख ९३ हजार. आता दोन्ही फेऱ्यांची वजाबाकी करा. व्हॅलसची वाढ १ लाख ७ हजार, जॉन्सनची १ लाख ९७ हजार. ६२ लागणार होती, त्यांनी साधारण ६५ आणली.

इथे मी पोरांना थांबवलं, कारण इथूनच लोक "लाट होती" वगैरे म्हणायला लागतात आणि मग विचार संपतो.

शिल्लक मतं किती आहेत हा प्रश्नच अपुरा आहे. ती कुणाची आहेत आणि कुठे राहतात? लाइटफूटनी जे वॉर्ड जिंकले ते बहुतेक शहराच्या दक्षिणेचे आणि पश्चिमेचे, कृष्णवर्णीय वस्तीचे. विल्सनची मतंही मोठ्या प्रमाणात तिथलीच. गार्सियांची लॅटिनो वस्त्यांतली. व्हॅलस ज्या भागात जिंकले तो वायव्येचा, नैर्ऋत्येचा गोरा पट्टा, जिथे पोलीस, फायर ब्रिगेडवाले, पालिकेचे कर्मचारी राहतात, आणि डाउनटाउन. तिथे त्यांनी पहिल्याच फेरीत ताटातलं सगळं खाऊन टाकलं होतं. दुसऱ्या फेरीत तिथून वाढणार किती? जॉन्सनची मतं उत्तरेच्या तळ्याकाठच्या आणि लोगन स्क्वेअरसारख्या तरुण, डाव्या विचाराच्या भागातली. दक्षिणेचा आणि पश्चिमेचा तो मोठा तुकडा दोघांपैकी कुणाचाच नव्हता, तो मोकळा पडला होता, आणि तिथल्या मतदाराने पहिल्या फेरीत व्हॅलसना नको म्हणून आधीच सांगितलेलं होतं. पहिल्या फेरीचा वॉर्डनिहाय निकाल म्हणजे फुकटात मिळालेला सर्व्हे असतो, तोही लाखो लोकांचा, पण लीड घेतलेला उमेदवार तो वाचत नाही, त्याला फक्त स्वतःचं नाव वर दिसतं.

लाइटफूट यांचीच गोष्ट बघा, मला या सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यात जास्त शिकवून गेली. २०१९ ला पहिल्या फेरीत १४ उमेदवार होते, लाइटफूट पहिल्या आल्या पण फक्त साडेसतरा टक्क्यांवर. रनऑफमध्ये टोनी प्रेकविंकल समोर होत्या, आणि लाइटफूटनी जवळपास ७४ टक्के मतं घेऊन ५० च्या ५० वॉर्ड जिंकले. सगळे म्हणाले, केवढा जनादेश! चार वर्षांनी पहिल्या फेरीत किती, तर १६.८. म्हणजे त्यांची स्वतःची माणसं तेव्हाही साधारण तेवढीच होती आणि आत्ताही तेवढीच, मधली ५६ टक्के मतं "या दोघींतली ही बरी" म्हणून आलेली, ती त्यांनी आपली समजली. रनऑफमध्ये मिळालेलं मत उसनं असतं. चार वर्षं कारभार करताना ते उसनं आपलं करायचं काम असतं, ते झालं नाही.

आता व्हॅलसच्या टीमने पाच आठवडे काय केलं ते बघू. पैसा त्यांच्याकडे जॉन्सनपेक्षा खूप जास्त, जवळपास दुप्पट, टीव्हीवर जाहिराती सतत. जॉन्सन २०२० साली पोलिसांचा पैसा दुसरीकडे वळवण्याच्या बाजूने बोलले होते, ते पुन्हापुन्हा दाखवलं. पण मुद्दा पहिल्या फेरीतलाच, सूर तोच, आणि शिवाय पोलीस युनियनचं ओझं. युनियनच्या अध्यक्षांनी रनऑफच्या काळात पेपरला सांगितलं की जॉन्सन आले तर शेकड्यांनी पोलीस नोकरी सोडून जातील आणि रस्त्यावर रक्त सांडेल. ज्या वस्तीत पोलिसांची भीती आणि गुन्हेगाराची भीती दोन्ही एकाच घरात राहतात तिथे हे वाक्य कसं ऐकू गेलं असेल? उमेदवाराने ते बोलायची गरजच नाही, पाठीशी उभा असलेला माणूस बोलला तरी हिशोब उमेदवाराच्या नावावर मांडला जातो. आणि २००९ ची त्यांची टीव्हीवरची मुलाखत होती, त्यात ते म्हणाले होते की मी आता डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकनच जास्त आहे. ज्या शहराने २०२० ला बायडनना ८० टक्क्यांच्या वर मतं दिली तिथे ही क्लिप! जॉन्सनच्या लोकांनी ती घरोघरी पोचवली, आणि व्हॅलसचं उत्तर "मी आयुष्यभर डेमोक्रॅट आहे" एवढंच राहिलं.

तुलनेला २०१५ घ्या. तेव्हाचे महापौर रॅम इमॅन्युएल पहिल्या फेरीत ४५.६ टक्क्यांवर अडकले, म्हणजे त्यांना हवे होते साडेचार टक्के, व्हॅलसना हवे होते सतरा. तरीही इमॅन्युएल यांनी काय केलं, तर साधा स्वेटर घालून कॅमेऱ्यासमोर बसून कबूल केलं की मी लोकांना खटकतो, माझा स्वभाव तसा आहे. लीडवर असलेला माणूस मान खाली घालून बोलला. ५६.२ टक्के मतं घेऊन जिंकले. ज्याला कमी हवं होतं तो वाकला आणि ज्याला जास्त हवं होतं तो ताठ राहिला, मला हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की व्हॅलसच्या टीमवर खरंच राग येतो.

जॉन्सननी आधी स्वतःचं भोक बुजवलं. पोलिसांचं बजेट मी कापणार नाही हे स्पष्ट सांगितलं, नवे २०० डिटेक्टिव्ह नेमणार म्हणाले, म्हणजे गुन्हेगारीच्या प्रश्नाला बगल दिली नाही, फक्त उत्तर वेगळं मांडलं, गुन्हा घडल्यावर तपास तरी लागू दे. ज्यांना त्यांचं आधीचं बोलणं आवडलं होतं ते डावे कार्यकर्ते थोडे नाराज झाले असतील, पण ते व्हॅलसकडे जाणार नव्हते, आणि त्यांना टिकवायला ३० मार्चला बर्नी सँडर्सची मोठी सभा लावली. दक्षिणेत चर्च, नागरी हक्क चळवळीतले जेसी जॅक्सन, आणि शिक्षक आणि इतर युनियनची माणसं दारोदार. टीव्हीवर आपण हरतोय हे त्यांना माहीत होतं त्यामुळे त्यांनी पाय वापरले. दुसऱ्या फेरीत एकूण मतदान कमी होईल अशी धास्ती होती, उलट सुमारे ४८ हजार मतं वाढली.

दुसऱ्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ पाठिंब्यावर गेला. आमच्याकडे एक काका येतात, चाळीस वर्षं पेठांमध्ये बूथ सांभाळलेत, ते म्हणाले, "अरे, बाद झालेल्या उमेदवाराला उचलला की त्याची गठ्ठा मतं आली, एवढा काय विचार करायचा त्यात." मी म्हटलं काका, आकडे बघा. विल्सन व्हॅलसकडे गेले. जेसी व्हाइट, बॉबी रश हे मोठे कृष्णवर्णीय नेते व्हॅलसकडे, सिनेटर डिक डर्बिनही. लाइटफूट तर शेवटपर्यंत गप्प, कुणालाच पाठिंबा नाही. तरी लाइटफूट आणि विल्सन यांच्या वॉर्डांनी जॉन्सनना भरभरून मतं दिली. गार्सिया जॉन्सनकडे आले, पण लॅटिनो वस्त्यांत मात्र चुरस झाली, सगळी मतं गार्सियांच्या मागे आली नाहीत. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे स्टेजवरचा हार पुढाऱ्याच्या गळ्यात, मतदाराच्या नाही." मला वाटतं पाठिंब्याचा उपयोग होतो, पण दार उघडण्यापुरता. आत जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, त्या घरची तक्रार ऐकायची, ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

मग कसबा आणि चिंचवड. दोन्ही पोटनिवडणुका एकाच दिवशी, एकाच महाविकास आघाडीने लढवलेल्या. कसब्यात आघाडीतली बंडखोरी आधीच शमली आणि रवींद्र धंगेकर विरुद्ध हेमंत रासने अशी सरळ लढत झाली, १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा धंगेकरांनी जवळपास ११ हजारांनी घेतली. याच धंगेकरांनी २००९ ला मनसेकडून गिरीश बापटांना झुंज दिली होती, तेव्हा काँग्रेसचे रोहित टिळकही मैदानात होते, दोघांची बेरीज बापटांच्या पुढे कितीतरी जास्त, पण जिंकले बापटच. चिंचवडला आघाडीचे नाना काटे उमेदवार आणि राहुल कलाटे अपक्ष, भाजपच्या अश्विनी जगताप ३६ हजारांनी जिंकल्या आणि कलाटेंची मतं त्या फरकापेक्षा जास्त. आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, चिंचवडला रनऑफ असती तर काटे आले असते. मी त्याला तिथेच अडवलं. कलाटेंचा मतदार काटेंकडेच गेला असता हे कुणी सांगितलं? काही जण जगतापांकडे गेले असते, काही घरीच बसले असते. शिकागोत विल्सनचा मतदार विल्सनचं ऐकून गेला नाही, मग चिंचवडचा मतदार आपल्या बेरजेचं का ऐकेल?

आणि सरळ लढत झाली की काम झालं असंही नाही, कसब्यानेच ते दाखवलं. नोव्हेंबर २०२४ ला तेच दोघं प्रमुख लढतीत होते. धंगेकरांची मतं ७३ हजारांवरून ७० हजारांवर आली, म्हणजे त्यांचा माणूस बहुतेक जागेवरच राहिला, पण रासने ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेले. पोटनिवडणुकीला जे घरी बसले होते ते विधानसभेला बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक एकाच बाजूचे निघाले.

तिसऱ्या बैठकीत मी पोरांना कामाला लावलं, समजा १ मार्चची सकाळ आहे आणि तुम्ही व्हॅलसच्या टीममध्ये आहात. आधी फरक किती ते काढा म्हटलं. शेवटी साधारण २६ हजार ४०० मतांचा फरक, म्हणजे १३ हजार २०० माणसं इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. ५० वॉर्डांत वाटलं तर एका वॉर्डात २६४. कोथरूडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत एवढे मतदार असतात! हे वाचून खोलीत शांतता झाली.

त्यांनी जे काढलं त्यातलं मला पटलेलं सांगतो. पहिल्या आठवड्यात टीव्ही बंद, उमेदवार फक्त त्या वॉर्डांत जिथे लाइटफूट पहिल्या आणि तो स्वतः तिसरा-चौथा आला. पोलीस युनियनला हात जोडून सांगायचं की पाठिंबा राहू दे पण पाच आठवडे माइक धरू नका, आणि तरी बोललेच तर त्याच दिवशी उमेदवाराने स्वतः उभं राहून "हे मला मान्य नाही" म्हणायचं. शाळांबद्दल बोलायचं, कारण सहा वर्षं शाळा चालवलेला माणूस दक्षिणेच्या आईबापांशी पोलिसांपेक्षा मुलांवर जास्त वेळ बोलू शकला असता, पण मग शाळांबाबतच्या त्याच्या जुन्या निर्णयांवर राग असलेल्यांचंही बसून ऐकावं लागलं असतं. २००९ च्या क्लिपला पहिल्याच आठवड्यात पूर्ण उत्तर, तेव्हा असं का बोललो आणि आज काय वाटतं, दोन मिनिटं, कागद न बघता. एवढं करून जिंकले असते का? मला वाटतं फरक निम्म्यावर आला असता. पोरांपैकी निम्मी म्हणाली जिंकले असते, आम्ही त्यावर रात्री साडेदहापर्यंत भांडलो.

माझ्या स्वतःच्या डोक्यात मात्र एक जुनी पदवीधरची निवडणूक होती. आम्ही तेव्हा एका उमेदवाराच्या मागे फिरत होतो आणि तिसऱ्या नंबरच्या उमेदवारावर सगळ्यात जास्त तुटून पडलो, कारण तो आमची मतं खातोय असं वाटायचं. तो बाद झाला, कोटा कुणाचाच झाला नव्हता, आणि त्याच्या गठ्ठ्यातल्या मतपत्रिका टेबलावर उघडायला लागल्या तेव्हा मी मोजणी प्रतिनिधी म्हणून समोर बसलो होतो. एकामागून एक, दुसरी पसंती एकतर समोरच्याला नाहीतर कोरी. त्या माणसांना आम्ही दोन महिने शिव्या घातल्या होत्या. आम्ही दारात जाऊन "पहिली पसंती द्या" म्हणायचो आणि नाही म्हटलं की वळून निघायचो. दुसरी तरी द्या, असं एकदाही म्हटलं नाही.

परवाच्या बैठकीला एक मुलगी तिच्या प्रभागातल्या सोसायटीची वही घेऊन आली. नेहमीसारखी, नावापुढे आपला आणि त्यांचा असे दोनच रकाने. तिने पट्टीने तिसरा रकाना आखलाय आणि वर लिहिलंय "दुसरं कोण चालेल". ४२ घरं झालीत, बाकीची या रविवारी.